न फुटलेल्या अंड्यांची साक्ष

मुख्याध्यापकास सर्व विषयांतले सर्व काही कळते, अशी एक गोड समजूत आपल्या समाजात अद्याप टिकून आहे, आणि ती मोडून काढण्याचे धैर्य आम्हांस उभ्या नोकरीत झालेले नाही. आम्ही एम. ए. झालो ते मराठी घेऊन. परंतु कोणाच्या विहिरीचे पाणी खारट लागो, कोणाच्या मुलाचा दाखला अडो, की कोणाच्या गाईने चारा सोडो, मंडळी आमच्याच ओटीवर येऊन बसतात. गेल्या वर्षी आषाढ सरता सरता आमच्या शेजारची सूनबाई अशीच आली. तिचे गाऱ्हाणे होते कोंबडीच्या अंड्यांचे.

सूनबाई म्हणजे आमच्या एका दिवंगत स्नेह्याची सून. तिच्या यजमानांचा कारखाना बंद पडून दोन वर्षे झाली होती. तिने सखी मंडळातून कर्ज काढले आणि अठ्ठेचाळीस अंड्यांचे एक लहानसे उबवणी यंत्र घेतले. छोटा उदेपूरकडील आदिवासी घरांतून देशी कोंबडीची अंडी आणावयाची, पिल्ले काढावयाची, आठवड्याभराची झाली की गावाबाहेरच्या शेतांवर दहावीस कोंबड्या पाळणाऱ्या लोकांस ती विकावयाची, असा तिचा हिशेब. हिशेबात चूक नव्हती. चूक यंत्राच्या पोटात कोठेतरी होती. पहिल्या खेपेस अठ्ठेचाळीस अंड्यांतून सात पिल्ले निघाली, दुसऱ्या खेपेस अकरा.

“काका, हप्ता तर दर महिन्याला भरायचाच आहे. पिल्लं चोच मारतात, टवका पडतो, आणि तिथंच राहतात. आत चिकटून सुकून जातात हो.” सूनबाईचे डोळे भरून आले होते.

आम्ही काय करावे? विचार करावा, अंडे फोडून पाहावे, निदान चार प्रश्न विचारावेत. यांपैकी काहीही न करता आम्ही मुख्याध्यापकी आवाजात निकाल दिला, “पिल्लू चिकटते म्हणजे हवा कोरडी पडते. पहिल्या दिवसापासून दोन्ही ताटल्या पाण्याने काठोकाठ भरून ठेव.” तिने तो निकाल आज्ञेसारखा पाळला. श्रावणात तिसरी खेप लागली, आणि अठ्ठेचाळीस अंड्यांतून बाहेर आली पाच पिल्ले.

तो दिवस आम्ही विसरणार नाही. सूनबाईने आम्हांस एक अक्षराने दोष दिला नाही. उलट “काका, माझंच काही चुकलं असेल,” असे ती म्हणाली. शाळेत एखाद्या मुलाने आमच्या चुकीच्या शिकवण्यापायी गुण गमवावेत आणि त्यानेच आमची क्षमा मागावी, तसे ते वाटले. उरलेली त्रेचाळीस अंडी ती महानगरपालिकेच्या गाडीत टाकावयास निघाली होती. पहिल्या दोन खेपांचीही तिने तशीच टाकली होती. आमच्या सौभाग्यवतींनी तिला दारातच थांबविले. त्या म्हणाल्या, “ढोकळा फसला तर आपण तो मोडून पाहतो ना, आतून कच्चा आहे की सोडा कमी पडला ते? मग ही न पाहताच कशी टाकतेस?”

त्या वाक्याने आमचे शास्त्राध्ययन सुरू झाले. पुढे चाळता चाळता आमच्या ध्यानात आले, की सौभाग्यवतींच्या आधी सुमारे तेवीसशे वर्षे अॅरिस्टॉटलने हेच केले होते. कोंबडीखालची अंडी दिवसादिवसाच्या अंतराने फोडून त्याने गर्भाची वाढ नोंदविली, आणि तीन दिवस व तीन रात्री उलटल्यावर रक्ताच्या ठिपक्यासारखे हृदय पांढऱ्यात उडताना दिसते, असे लिहून ठेवले. त्याने जिवंत वाढ पाहण्यासाठी अंडी फोडली. आम्हांस मृत्यूची तिथी शोधावयाची होती. पद्धत मात्र एकच.

परसात जुने वर्तमानपत्र अंथरून, हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून आम्ही ती त्रेचाळीस अंडी फोडली. ज्यांना हे करावयाचे असेल त्यांनी उघड्यावर करावे, लहान मुलांस दूर ठेवावे व नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. सडलेले अंडे कधी कधी फटाक्यासारखे फुटते आणि त्यात रोगजंतूही असतात. सूनबाईने वहीत चार रकाने आखले. नऊ अंड्यांत काहीच नव्हते, बलक तसाच. सहांत पहिल्या काही दिवसांत थांबलेल्या गर्भाची लाल खूण होती. तीन सडली होती. आणि राहिलेल्या पंचवीस अंड्यांत पुरी वाढ झालेली, पिसे आलेली, चोच असलेली पिल्ले होती. ओलीचिंब, फुगलेली, भोवती पाणी साचलेले. रुंद टोकाकडे हवेची जी पोकळी असावयास हवी, ती रुपयाएवढीसुद्धा नव्हती.

ती पिल्ले कोरडी पडून मेली नव्हती. ती बुडून मेली होती, आणि पाणी आम्ही भरावयास लावले होते.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. कोंबडीच्या अंड्याचे उबवणे एकवीस दिवसांचे. या अवधीत कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून अंड्यातील पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते, आणि जेवढे पाणी जाते तेवढी रुंद टोकाची हवेची पोकळी वाढते. पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचे वजन सुमारे बारा ते तेरा टक्क्यांनी घटणे इष्ट. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू आतल्या आत चोचीने पापुद्रा फोडून त्या पोकळीत डोके घालते आणि आयुष्यातला पहिला श्वास घेते. कवच फोडण्याचे काम त्यानंतरचे. पोकळी पुरेशी नसेल, तर पहिल्याच श्वासाला हवेऐवजी पाणी. संस्कृतात पक्ष्यास द्विज म्हणतात, दोनदा जन्मणारा. त्या दोन जन्मांमध्ये बोटभर हवेचा हा उंबरठा असतो, हे आमच्या एम. ए.च्या अभ्यासक्रमात कोणी सांगितले नव्हते.

मग हवा किती ओली ठेवावी? सर्वसाधारण नियम असा, की पहिले अठरा दिवस पन्नास ते पंचावन्न टक्के आर्द्रता, आणि शेवटचे तीन दिवस पासष्ट ते सत्तर टक्के. यंत्राबरोबर येणाऱ्या कागदावर हे छापलेले असते. त्या कागदावर नसते ते आपल्या गावच्या हवेचे गणित. श्रावणातली वडोदऱ्याची दमट हवा यंत्रात शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली, तर एक थेंब पाणी न घालताही तिची आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या जवळपास राहते. तीत दोन भरलेल्या ताटल्या म्हणजे पुरात घागर ओतणे. उलट वैशाखात दुपारची कोरडी हवा तशीच तापविली, तर आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या घरात उतरते. तेव्हा दोन्ही ताटल्या हव्यातच. एकच यंत्र, एकच गाव, आणि पाण्याचा नियम ऋतूगणिक निराळा. कोकणातल्या वाचकाचे गणित आणखी वेगळे, इंदूरच्या वाचकाचे आणखी वेगळे. म्हणून ताटलीत किती पाणी घालावे, असे आम्हांस पत्राने कोणी विचारील तर आम्ही आता सांगणार नाही. आम्ही सांगू, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. दहा अंडी पहिल्या दिवशी एकत्र तोलावी. ती ४२० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी सुमारे वीस ग्रॅमची आणि अठराव्या दिवशी पन्नास ते पंचावन्न ग्रॅमची घट दिसली पाहिजे. घट कमी असेल तर पाणी कमी करावे, जास्त असेल तर वाढवावे. अंडी स्वतःच सांगतात.

आता प्रश्न उरला पहिल्या दोन खेपांचा. त्यांची अंडी गेली होती. साक्षीदारच नाहीसे झालेले. तेव्हा आम्ही सूनबाईची उलटतपासणी घेतली. वैशाखात यंत्र कोठे होते? गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. खाली जागा नव्हती आणि शेजाऱ्यांस वास नको. दुपारी काय दिसे? ती म्हणाली, “दुपारी यंत्राचा दिवा बंदच असायचा काका. वीज वाचते म्हणून मला बरंच वाटायचं.” पिल्ले कोणत्या दिवशी निघाली? एकोणिसाव्या आणि विसाव्या. कशी होती? बारीक, आणि बेंबीशी ओली.

आम्ही कपाळाला हात लावला. उबवणी यंत्रास तापविण्याची सोय असते, थंड करण्याची नसते. वैशाखात आमच्या वडोदऱ्यात पारा बेचाळीसवर जातो, आणि पत्र्याखाली त्याहूनही वर. दिवा बंद होता याचा अर्थ यंत्र तृप्त झाले होते असा नव्हे. खोलीच यंत्राहून अधिक तापली होती. पिल्ले वेळेआधी निघणे, बारीक असणे, बेंबी नीट न मिटणे, ही अतिउष्णतेची ठळक लक्षणे होत. उशिरा, बावीस-तेविसाव्या दिवशी निघणे हे कमी उष्णतेचे, किंवा फार शिळ्या अंड्यांचे. लोक वीज गेल्याची फार धास्ती घेतात. वस्तुतः खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी रोज दहा-वीस मिनिटे अंड्यांवरून उठते. तासभर वीज गेली तर यंत्रावर घोंगडी टाकावी आणि झाकण उघडू नये, बहुधा काही बिघडत नाही. थंडीपेक्षा उष्णता गर्भास लवकर मारते.

दुसऱ्या खेपेत दोन दोष निघाले. एक, अठ्ठेचाळीस जागा भराव्यात म्हणून सूनबाई अठरा दिवस अंडी जमवीत राहिली होती, आणि ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली होती. अंडे घातल्यापासून सात दिवसांच्या आत यंत्रात गेले पाहिजे. त्यानंतर दिवसागणिक त्याचा जोम उतरतो. ठेवण्याची जागा १३ ते १८ अंशांची हवी. फळीवरच्या तीस-पस्तीस अंशांत गर्भ धड वाढत नाही आणि धड निजतही नाही. अर्धवट जागा होतो आणि दुबळा पडतो. फ्रिजमध्ये ठेवणे हा उपाय नव्हे, तेथील चार-पाच अंशांची थंडी त्यास बाधते. ओल्या वाळूत बसविलेले मातीचे मडके हा आपला जुना उपाय बराच चांगला, तरी उन्हाळ्यात तीन-चार दिवसांहून अधिक वाट पाहू नये. जागा रिकाम्या राहिल्या तर राहू द्याव्यात.

दुसरा दोष मायेचा होता. अंड्यास टवका पडलेला दिसला, की सूनबाई झाकण उघडून पाही, एखाद्या पिल्लास कवच सोलून मदतही करी. झाकण उघडताच आतली ओलसर ऊब निघून जाते, आणि टवक्यातून दिसणारा पापुद्रा कागदासारखा सुकून पिल्लास घट्ट आवळतो. पहिल्या टवक्यापासून बाहेर येण्यास पिल्लू बारा ते चोवीस तास सहज घेते; त्या वेळात ते विश्रांती घेत असते, बलकाचा उरलेला अंश पोटात ओढून घेत असते. त्या शिदोरीवर ते बाहेर आल्यावरही दोन दिवस दाणापाण्याविना राहू शकते, म्हणून बाहेर काढण्याची घाई कशासाठीच नको. म्हणजे चिकटण्याचे आमचे निदान अगदीच खोटे नव्हते. हवा कोरडी पडली होती हे खरे. परंतु ती शेवटच्या दिवशी, झाकणामुळे. आम्ही मात्र औषध एकवीस दिवसांचे दिले.

कासवी नुसत्या दृष्टीने पिलांस वाढविते, असा संकेत आपल्या संतवाङ्मयात आहे. कोंबडी मात्र नुसते पाहत बसत नाही. ती चोचीने अंडी सारखी फिरवीत असते. गर्भ कवचाच्या आतल्या अस्तरास चिकटू नये म्हणून. यंत्रात हे काम आपले. पेन्सिलीने एका बाजूस फुली, दुसऱ्या बाजूस शून्य काढावे आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावे. विषम संख्या अशासाठी, की रात्रीचा लांब काळ रोज एकाच कुशीवर जाऊ नये. अठराव्या दिवशी फिरविणे थांबवावे, पाणी वाढवावे, आणि झाकणास हात लावू नये.

नऊ कोऱ्या अंड्यांचा उलगडा यंत्रात नव्हताच. ती मुळातच निर्बीज होती. आमच्या एका शिक्षकमित्रांनी पूर्वी दुकानातली पांढरी अंडी उबवावयास ठेवून एकवीस दिवस वाट पाहिली होती. तेथील कोंबड्यांच्या वाऱ्यासही कोंबडा नसतो, पिल्ले यावयाची कोठून? आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा हवा. कडक उन्हाळ्यात त्याचाही जोम घटतो. आणि तीन सडक्या अंड्यांचे कारण सूनबाईची स्वच्छतेची हौस. ती अंडी नळाखाली धुऊन पुसून ठेवी. अंड्यावर निसर्गाने दिलेला एक अदृश्य लेप असतो, तो धुतला की छिद्रांतून जंतू आत शिरतात. मळके अंडे कोरड्या फडक्याने पुसावे. फारच मळके असेल तर आमलेट करावे.

दसऱ्यास चौथी खेप लावावयाचे ठरले. दसऱ्यास अंडी ठेवली, की एकविसावा दिवस दिवाळीच्या पाडव्यास येतो, हा योग आमच्या सौभाग्यवतींनी पंचांगात काढला. तत्पूर्वी एक परीक्षा बाकी होती. यंत्राच्या पडद्यावर ३७.७ दिसे, पण ते खरे कशावरून? घरात ताप मोजावयाचा थर्मामीटर असतोच, आणि उबवणीची उष्णता नेमकी त्याच्याच टप्प्यात येते. तो नीट झटकून यंत्रात अंड्यांच्या उंचीवर ठेवला, निघाला ३७. म्हणजे पडदा पाऊण अंश खोटे बोलत होता. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.७ हवे. बिनपंख्याच्या पेटीत अंड्यांच्या माथ्याशी ३८.३ ते ३८.९ लागते, कारण तेथे वर ऊन आणि खाली गार असते. इजिप्तमधील जुन्या विटांच्या उबवणी भट्ट्यांतले कारागीर अंडे डोळ्याच्या पापणीस लावून ऊब ओळखीत. आम्हांस पन्नाशीत ती कला साधणे नाही, आम्ही थर्मामीटरवर विसंबलो. यंत्र खालच्या खोलीत, भिंतीपासून दूर, उन्हाच्या वाटेबाहेर आणले. दोन दिवस रिकामे चालवून पाहिले. अंडी छोटा उदेपूरहून शंभरएक किलोमीटर बसने हिंदकळत येतात, म्हणून ती रुंद टोक वर करून एक रात्र निजू दिली.

अंडी देणाऱ्या घरची म्हातारी बा या साऱ्या खटाटोपाला हसली, असे सूनबाईने सांगितले. तिच्या कोंबडीखाली बारांतली दहा सहज फुटतात, ना काटा ना थर्मामीटर. खरे आहे. पण तिची कोंबडी वर्षातून मोजक्याच वेळा खुडूक बसते, आणि हप्ता दर महिन्याला येतो. झाबुआकडील कडकनाथ तर क्वचितच खुडूक बसते. त्या जातीची पिल्ले हवी असतील, तर यंत्र किंवा दुसरी कोंबडी पाहावीच लागते.

सातव्या रात्री खोलीत अंधार करून, मोबाईलच्या दिव्यावर एकेक अंडे धरून पाहिले. सहा कोरी. तिघांत नुसते लाल कडे, म्हणजे गर्भ थांबलेला. ती नऊ काढली. एकोणचाळीसांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा पसरल्या होत्या, आणि मध्ये एक ठिपका हलत होता. ज्यांच्या घरात अंडे शिरत नाही अशा शेजारच्या गुजराती बा तो ठिपका पाहावयास उंबऱ्यापर्यंत आल्या, तेथूनच त्यांनी पाहिले आणि हात जोडले. वजन सातव्या दिवशी दहा अंड्यांमागे सव्वीस ग्रॅमनी घटले होते, जरा जास्तच. दसऱ्यानंतर आमच्याकडे हवा झपाट्याने कोरडी होते. एक ताटली भरली. अठराव्या दिवशी घट चोपन्न ग्रॅमवर आली.

पाडव्याच्या पहाटे सूनबाईच्या घरातून ‘काका’ अशी हाक आली, तेव्हा आम्ही अभ्यंगस्नानाच्या तयारीत तेल लावून बसलो होतो; तसेच गेलो. झाकण बंदच होते. काचेतून नऊ पिल्ले दिसत होती, आणि ठिकठिकाणी टवके. भाऊबीजेच्या सकाळपर्यंत एकतीस झाली.

राहिलेली आठ अंडी टाकावयाची नाहीत, हे आता कोणी सांगावे लागले नाही. सूनबाईने स्वतःच परसात वर्तमानपत्र अंथरले. तीन मध्येच थांबलेली, तिघांत पिल्ले पूर्ण, पण कारण आम्हांस उमगले नाही. उरलेल्या दोहोंत पिल्लांची डोकी निमुळत्या टोकाकडे होती, जेथे हवेची पोकळी नसते. आम्ही आठवून पाहिले. यंत्रात शेवटची ओळ भरताना दिवेलागण झाली होती, आणि ती ओळ आम्हीच भरली होती, चष्मा घरी विसरून. सूनबाईने वहीत लिहिले, ‘दोन, उलटी ठेवलेली’. कोणी ठेवली, ते तिने लिहिले नाही.